चाइल्ड टॅक्स क्रेडिट: अमेरिकेतल्या मराठी कुटुंबानं काय करावं, कोणत्या क्रमानं करावं

फेब्रुवारी उजाडला की न्यू जर्सीपासून बे एरियापर्यंत मराठी मंडळींच्या ग्रुपवर चाइल्ड टॅक्स क्रेडिटबद्दल, म्हणजे मुलामागे देय करातून थेट वजा होणाऱ्या रकमेबद्दल, एक प्रश्न हमखास येतो. "शेजारच्यांना दोन मुलांचे ४,४०० डॉलर मिळाले, आमच्या सॉफ्टवेअरनं २,७००च दाखवले. आमचं काय चुकलं?" बहुतेक वेळा चुकलेलं काहीच नसतं. शेजारच्यांची दोन्ही मुलं अमेरिकेत जन्मलेली असतात आणि विचारणाऱ्यांचं मोठं मूल नाशिकला किंवा पुण्याला जन्मून एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) आलेलं असतं. पण काही घरांत खरंच चुकलेलं असतं आणि ते एप्रिलमध्ये किंवा त्यानंतर आलेल्या नोटिशीत कळतं. म्हणून क्रम महत्त्वाचा. सॉफ्टवेअर उघडणं ही पहिली पायरी नाही, ती पाचवी आहे.

आधी सध्याचे आकडे. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्यानं २०२५ या पूर्ण करवर्षासाठी दर पात्र मुलामागे क्रेडिट २,००० वरून २,२०० डॉलर केलं. त्यातले जास्तीत जास्त १,७०० डॉलर रिफंड म्हणून हातात पडू शकतात, म्हणजे कर शून्य झाला तरी मिळतात. २०२६ साठीही हेच दोन आकडे आहेत. पात्र नसलेल्या, पण तुमच्यावर अवलंबून असलेल्या मुलासाठी किंवा नातेवाइकासाठी ५०० डॉलरचं वेगळं क्रेडिट आहे. ते वाढलेलं नाही आणि त्यातलं काही रिफंड म्हणून मिळत नाही. नवी अट एक: मुलाकडे तर हवाच, पण आता आईवडिलांपैकीही निदान एकाकडे कामासाठी वैध असलेला सोशल सिक्युरिटी नंबर (एसएसएन) हवा.

२०२१ मध्ये दरमहा खात्यात पैसे जमा व्हायचे. ती योजना त्या एका वर्षापुरती होती. आता हप्ते येत नाहीत, त्यांची वाट पाहू नका.

## सुरुवातीआधी: कागद एका जागी

प्रत्येक मुलाचं एक पाकीट करा, अगदी खरंखुरं कागदी पाकीट. त्यात सोशल सिक्युरिटी कार्ड किंवा आयटिनचं (एसएसएन मिळत नसलेल्यांसाठीच्या करनंबराचं) पत्र, जन्मदाखला, पासपोर्टची प्रत, एच-४ असेल तर आय-९४ (अमेरिकेत प्रवेशाची नोंद), आणि मूल तुमच्याच पत्त्यावर राहतं हे दाखवणारा एक कागद ठेवा. शाळेचं किंवा डेकेअरचं पत्र चालतं, बालरोगतज्ज्ञांकडची नोंदही चालते. दोघांचे डब्ल्यू-२ (कंपनीनं दिलेले वर्षाच्या पगाराचे दाखले), मागच्या वर्षीचं रिटर्न आणि भारतातल्या बँकांची व्याजपत्रकं वेगळ्या पाकिटात.

तपासा: मुलाचं नाव सोशल सिक्युरिटी कार्डावर जसं आहे तसंच, अक्षर न् अक्षर, रिटर्नवर जायला हवं. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे घालायची रीत आहे. पासपोर्टवर एक, शाळेत दुसरं आणि कार्डावर तिसरं असं हमखास होतं. त्यातही आडनाव जुळलं नाही तर ई-फाइल केलेलं रिटर्न परत फिरतं. आईनं माहेरचं नाव ठेवलं असेल आणि मुलाच्या कार्डावर दोन्ही आडनावं छापली असतील, तर तिथे विशेष लक्ष द्या.

## टप्पा १: करापुरते तुम्ही "रेसिडेंट" आहात का?

व्हिसा आणि करातलं रेसिडेंट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर वर्षभर इथे असलेलं कुटुंब करापुरतं रेसिडेंट असतं आणि १०४० हा नेहमीचा रिटर्नचा फॉर्म भरतं. ते घर थेट टप्पा २ वर जाऊ शकतं.

थांबायचं आहे ते दोन प्रकारच्या घरांनी.

पहिलं, एफ-१ वरच्या विद्यार्थ्याचं. पहिली पाच कॅलेंडर वर्षं विद्यार्थ्याचे दिवस मोजले जात नाहीत. त्यामुळे तो सहसा नॉन-रेसिडेंट असतो आणि त्याला १०४०-एनआर, म्हणजे नॉन-रेसिडेंटचा फॉर्म, भरावा लागतो. नेहमीची बरीच सॉफ्टवेअर्स हे न विचारताच १०४० तयार करतात, मुलांची क्रेडिट्सही लावून देतात. रिफंड येतो, आणि पुढे तो व्याजासकट परत करावा लागतो. भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्याला स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून सरसकट वजावट) मिळतं, पण तेही १०४०-एनआर वरच मागायचं.

दुसरं, त्याच वर्षी आलेल्यांचं. वर्षातले दिवस, अधिक आदल्या वर्षीच्या दिवसांचा एक तृतीयांश, अधिक त्याआधीच्या वर्षीच्या दिवसांचा एक षष्ठांश, अशी बेरीज १८३ व्हावी लागते आणि चालू वर्षी निदान ३१ दिवस इथे असावं लागतं. ऑगस्टनंतर आलेलं कुटुंब या हिशेबात सहसा बसत नाही. नवराबायकोंपैकी एक जण वर्षअखेरीला रेसिडेंट असेल तर दोघांनी मिळून पूर्ण वर्षासाठी रेसिडेंट म्हणून एकत्र रिटर्न भरायचा पर्याय असतो. मात्र तो घेतला की त्या वर्षीचा भारतातला पगारही रिटर्नमध्ये येतो. शिवाय या पर्यायानं मूल आपोआप रेसिडेंट होत नाही, त्याचे दिवस वेगळे मोजायचे. हे एक वर्ष अशी रिटर्न्स नेहमी करणाऱ्या सीपीएकडे (सनदी लेखापालाकडे) द्या. फीचे पैसे इथे वसूल होतात.

## टप्पा २: प्रत्येक मुलाची वेगळी ओळ

क्रेडिट कुटुंबाला मिळत नाही, मुलाला धरून मिळतं. कागदावर प्रत्येक मुलासाठी एक ओळ आखा आणि चार प्रश्नांची उत्तरं लिहा.

1. ३१ डिसेंबरला वय १७ पेक्षा कमी होतं का? २०२५ च्या रिटर्नसाठी जन्म २००९ चा किंवा नंतरचा हवा. डिसेंबर २००८ मध्ये जन्मलेलं मूल वर्षातले अकरा महिने सोळाचं होतं, तरी ते बाद.
2. वर्षातला अर्ध्याहून अधिक काळ ते तुमच्यासोबत राहिलं का?
3. ते अमेरिकेचं नागरिक किंवा करापुरतं रेसिडेंट आहे का?
4. तुम्ही त्याला डिपेंडंट (अवलंबून असलेली व्यक्ती) म्हणून दाखवता आहात का, आणि दुसरं कोणी दाखवत नाही ना?

दुसऱ्या प्रश्नावर आपल्या घरांची गाडी अडते. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिने सांगलीला आजीआजोबांकडे राहिलेलं मूल इथेच राहिलं असं धरतात, कारण ती तात्पुरती गैरहजेरी आहे. पण दोघांच्या नोकऱ्यांमुळे तान्ह्या बाळाला वर्षभर भारतात ठेवलं असेल, तर बाळ अमेरिकन नागरिक असलं तरी २,२०० चं क्रेडिट मागू नका. ते तुमच्यासोबत राहिलेलं नाही.

नवजात बाळाचा नियम सोपा आहे. ३० डिसेंबरला जन्मलेल्या बाळाचंही त्या वर्षाचं पूर्ण क्रेडिट मिळतं, फक्त नंबर वेळेत हवा.

घटस्फोट झाला असेल किंवा आईवडील वेगळे राहत असतील, तर मूल ज्यांच्याकडे जास्त रात्री राहतं त्यांचा हक्क पहिला. दुसऱ्यानं क्रेडिट घ्यायचं असेल तर पहिल्यानं फॉर्म ८३३२ वर सही करून द्यावी लागते. तोंडी ठरलेलं आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं करखातं, मानत नाही.

सावधान: सहा महिन्यांसाठी आलेल्या आईबाबांना डिपेंडंट दाखवून ५०० डॉलर घ्या, असा सल्ला फार फिरतो. त्यासाठी ते दिवसांच्या हिशेबानं करापुरते रेसिडेंट असावे लागतात, त्यांचा निम्म्याहून अधिक खर्च तुम्ही केलेला असावा लागतो आणि त्यांचं स्वतःचं करपात्र ढोबळ उत्पन्न २०२५ मध्ये ५,२०० डॉलरच्या आत असावं लागतं. भारतातलं पेन्शन, घरभाडं आणि एफडीचं व्याज मोजलं की बऱ्याच आईबाबांचं गणित तिथेच संपतं. ५०० डॉलरसाठी त्यांचं अख्खं उत्पन्न इथल्या कराच्या कक्षेत ओढायचं का, हेही विचारात घ्या. माझं मत: बहुतेक घरांनी या वाटेला जाऊ नये.

## टप्पा ३: नंबर. सर्वात जास्त घोळ इथे होतो

२,२०० मिळणार की ५००, हे शेवटी मुलाच्या नंबरावर ठरतं.

अमेरिकेत जन्मलेलं मूल. हॉस्पिटलमध्ये जन्मनोंदीचा अर्ज भरताना सोशल सिक्युरिटी नंबर हवा का, असा प्रश्न असतो. तिथे "हो" केलं की कार्ड घरी येतं. बाळंतपणाच्या गडबडीत, किंवा नाव ठरलेलं नाही म्हणून, ते राहून गेलं तर फॉर्म एसएस-५ भरून मूळ कागद घेऊन सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात जावं लागतं. म्हणून बारशाची वाट न पाहता नाव आधी ठरवा.

भारतात जन्मलेलं, एच-४ वरचं मूल. त्याला कामाची परवानगी नसते, म्हणून एसएसएन मिळत नाही. त्याला आयटिन काढायचा आणि ५०० डॉलरचं क्रेडिट घ्यायचं. एल-२ (कंपनीनं बदली करून आणलेल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) वरच्या मुलांचंही तसंच. एल-२ वरच्या जोडीदाराला काम करता येतं, मुलांना नाही.

म्हणजे मोठी मुलगी एच-४ वर आणि धाकटा इथे जन्मलेला, तर २,२०० अधिक ५००, एकूण २,७००. वर ग्रुपवर विचारलेला आकडा हाच.

कार्ड हातात घेऊन वाचा. नावाच्या वर काय छापलंय ते पाहा. काहीच छापलेलं नसेल तर ठीक. "केवळ डीएचएसच्या परवानगीनं कामासाठी वैध" (डीएचएस म्हणजे गृहसुरक्षा खातं) अशा अर्थाची ओळ असेल आणि ती परवानगी चालू असेल तरीही ठीक. "कामासाठी वैध नाही" अशा अर्थाची ओळ असेल तर तो नंबर या क्रेडिटला चालत नाही. ग्रीन कार्ड मिळाल्यावर किंवा नागरिकत्व आल्यावर सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसातून त्या ओळीशिवायचं नवं कार्ड मागून घ्या. हे काम घरोघरी राहून जातं.

ग्रीन कार्ड त्याच वर्षी आलं तर. मुलाचा एसएसएन रिटर्नच्या शेवटच्या तारखेपर्यंत, मुदतवाढ घेतली असल्यास त्या वाढीव तारखेपर्यंत, मिळालेला हवा. त्यानंतर मिळाला तर त्या वर्षासाठी सुधारित रिटर्न भरूनही २,२०० मिळत नाहीत. म्हणून एप्रिलमध्ये कार्ड वाटेत असेल तर घाईनं रिटर्न भरू नका. फॉर्म ४८६८ भरून १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत घ्या. मुदत फक्त कागद भरायला मिळते, पैसे भरायला नाही. कर देणं असेल तर अंदाजानं १५ एप्रिलपर्यंत भरून टाका. नंतर जुना आयटिन वापरणं बंद करा आणि दोन्ही नंबरांची नोंद एक करा, असं पत्र आयआरएसला पाठवा.

आयटिन काढताना. फॉर्म डब्ल्यू-७ रिटर्नला जोडून कागदावर पाठवायचा असतो. त्यासोबत मूळ कागद लागतो, किंवा ज्यानं तो कागद दिला त्याच कार्यालयानं प्रमाणित केलेली प्रत. नोटरीची प्रत चालत नाही. पोस्टानं मूळ पासपोर्ट पाठवला की तो कित्येक आठवडे हातात नसतो. त्या काळात भारतात अचानक जावं लागलं तर काय करणार? म्हणून आयआरएसचं टॅक्सपेयर असिस्टन्स सेंटर किंवा अधिकृत सर्टिफाइंग अ‍ॅक्सेप्टन्स एजंट गाठा. ते पासपोर्ट पाहून लगेच परत देतात.

मुलाच्या पासपोर्टवर अमेरिकेत आल्याच्या तारखेचा शिक्का हवा. शिक्का नसेल तर नुसता पासपोर्ट पुरत नाही. सहा वर्षांखालच्या मुलासाठी इथल्या डॉक्टरांची नोंद आणि शाळेत जाणाऱ्यासाठी शाळेची नोंद जोडावी लागते. अर्ज परत येण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

तपासा: आयटिन सलग तीन करवर्षं कोणत्याही फेडरल रिटर्नवर वापरला नाही तर तो संपतो. दोन-तीन वर्षं भारतात राहून परत आलेल्या घरांनी आधी हे पाहावं.

आईवडिलांचा नंबर. नव्या अटीप्रमाणे एकत्र रिटर्न भरणाऱ्या जोडप्यात एकाचा एसएसएन पुरे, दुसऱ्याचा आयटिन चालतो. एच-१बी वर नोकरी करणाऱ्याचा एसएसएन असतोच, त्यामुळे ईएडी (कामाचा परवाना) नसलेल्या एच-४ जोडीदारामुळे मुलाचं क्रेडिट अडत नाही.

## टप्पा ४: उत्पन्न मोजा, भारतातलं धरून

एकत्र रिटर्न भरणाऱ्यांना ४ लाख डॉलरपर्यंत आणि इतरांना २ लाखांपर्यंत पूर्ण क्रेडिट. त्यापुढच्या प्रत्येक हजाराला, किंवा हजाराच्या तुकड्यालाही, ५० डॉलर कमी होतात. पगार महागाईबरोबर वाढतात, ही मर्यादा वाढत नाही. म्हणून दोन टेक पगारांची घरं दरवर्षी तिच्या जवळ सरकतात.

उदाहरण घ्या. दोन नागरिक मुलं, उत्पन्न ४,३१,५००. मर्यादेपेक्षा ३१,५०० जास्त, ते वर ओढून ३२,००० धरायचे. ३२ गुणिले ५० म्हणजे १,६००. ४,४०० मधून २,८०० उरले. दोन मुलांचं पूर्ण क्रेडिट ४,८८,००० च्या आसपास संपतं.

इथे दोन गोष्टी विसरल्या जातात. आरएसयू (कंपनीकडून पगाराचा भाग म्हणून मिळणारे शेअर) व्हेस्ट झाले, म्हणजे तुमच्या मालकीचे झाले, की ती रक्कम पगारातच येते. आणि एनआरई (अनिवासी भारतीयांच्या खात्यातल्या) एफडीचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी अमेरिकेत ते उत्पन्न आहे. पुण्यातल्या फ्लॅटचं भाडंही. "तिकडे टॅक्स लागत नाही म्हणून इकडे दाखवलं नाही" हे कारण इथे चालत नाही. तीच रक्कम धरली की काही घरं मर्यादेपलीकडे जातात, आणि क्रेडिट जास्त घेतल्याचं नंतर उघड होतं.

मर्यादेच्या थोडे वर असाल तर करपूर्व ४०१(के), म्हणजे नोकरीतलं निवृत्तीचं बचतखातं, हा सर्वात सरळ उपाय. २०२५ साठी प्रत्येकी २३,५०० आणि २०२६ साठी २४,५०० डॉलरपर्यंत. ४०१(के) चे पैसे त्या कॅलेंडर वर्षाच्या पगारातूनच जावे लागतात, एप्रिलमध्ये आठवण होऊन उपयोग नाही. पात्र आरोग्यविमा असेल तर एचएसएमध्ये (आरोग्यखर्चाच्या बचतखात्यात) मात्र मागच्या वर्षासाठी १५ एप्रिलपर्यंत भर घालता येते, कुटुंबासाठी २०२५ ची मर्यादा ८,५५० डॉलर. रॉथ ४०१(के) मुळे (ज्यात कर भरल्यानंतरचे पैसे जातात) हे उत्पन्न कमी होत नाही, हे लक्षात असू द्या.

## टप्पा ५: आता सॉफ्टवेअर, आणि शेड्यूल ८८१२

मुलांची माहिती भरताना सॉफ्टवेअर नंबराचा प्रकार आणि तो कामासाठी वैध आहे का, हे विचारतं. इथे घाईनं "हो, हो" करत पुढे जाऊ नका. सगळं भरून झालं की शेड्यूल ८८१२ ची, म्हणजे या क्रेडिटचा हिशेब असलेल्या फॉर्मची, पीडीएफ उघडा आणि त्यातली मुलांची संख्या तुमच्या टप्पा २ च्या कागदाशी जुळते का ते पाहा. पूर्ण पात्र मुलं एका ओळीत मोजलेली असतात, ५०० वाली दुसऱ्या ओळीत.

उत्पन्न कमी असलेल्या घरांनी रिफंडचा भाग समजून घ्यावा. एकाच पगारावरचं घर, वर्षाला ३८,००० डॉलर, दोन नागरिक मुलं. २०२५ चं स्टँडर्ड डिडक्शन ३१,५०० वजा करता ६,५०० वर १० टक्क्यांनी ६५० डॉलर कर. क्रेडिट ४,४००. त्यातून आधी ६५० चा कर शून्य होतो, उरतात ३,७५०. हातात किती येणार? कमावलेल्या उत्पन्नातून २,५०० वजा करून उरलेल्याचे १५ टक्के म्हणजे ५,३२५. मुलांची कमाल दुप्पट १,७०० म्हणजे ३,४००. यांतली सर्वात लहान रक्कम मिळते, म्हणजे ३,४००. शिल्लक ३५० डॉलर कोणालाच मिळत नाहीत. पगारातून कापलेला करही वेगळा परत येतो. "दोन मुलं म्हणजे ४,४०० चा चेक" असं धरून उसनवारी केली असेल तर फटका बसतो.

राज्याचं रिटर्न वेगळं पाहा. उदाहरणार्थ न्यू जर्सीत ५ वर्षांपर्यंतच्या मुलामागे, करपात्र उत्पन्न ८०,००० डॉलरच्या आत असेल तर, १,००० डॉलरपर्यंत राज्याचं क्रेडिट आहे. उत्पन्न वाढेल तसं ते कमी होतं.

सावधान: हक्क नसताना क्रेडिट निष्काळजीपणे मागितल्याचं ठरलं तर दोन वर्षं, फसवणूक ठरली तर दहा वर्षं ते मागता येत नाही. एकदा नाकारलं गेल्यावर पुन्हा मागताना फॉर्म ८८६२ जोडावा लागतो.

## टप्पा ६: डब्ल्यू-४. पुढच्या एप्रिलचं बिल इथेच ठरतं

रिटर्न भरलं की लोक मोकळे होतात. पण दरमहाच्या खर्चावर खरा परिणाम होतो तो पगारातून कर किती कापला जातो त्याचा.

डब्ल्यू-४ म्हणजे पगारातून किती कर कापायचा हे कंपनीला सांगणारा फॉर्म. त्याच्या तिसऱ्या पायरीत मुलांची रक्कम लिहितात. २०२६ च्या फॉर्ममध्ये दर पात्र मुलामागे २,२०० आणि इतर डिपेंडंटमागे ५०० आहे. नोकरीला लागताना जुना फॉर्म भरला असेल तर तिथे अजून २,००० च्याच हिशेबाची रक्कम असेल, ती आपोआप बदलत नाही. नुकसान नाही, फक्त तो फरक तुम्हाला पुढच्या वर्षी रिफंडमध्ये मिळेल. २०२५ मध्येही कायदा वर्षाच्या मध्यावर आला आणि कापणीचे तक्ते तसेच राहिले, म्हणून बऱ्याच घरांचा त्या वर्षाचा रिफंड थोडा फुगतो. दरवर्षी तेवढाच येईल असं समजून बजेट बांधू नका.

सर्वात महाग चूक ही: दोघं नोकरी करतात आणि दोघंही आपापल्या फॉर्मवर दोन मुलांचे ४,४०० लिहितात. क्रेडिट एकदाच मिळणार, कर मात्र दोन ठिकाणी कमी कापला जातो. दर दोन आठवड्यांनी पगार होत असेल तर वर्षात २६ पगार, म्हणजे दुसऱ्या फॉर्ममुळे प्रत्येक पगारात सुमारे १६९ डॉलर जादा हातात येतात. वर्षभर गोड वाटतं. एप्रिलमध्ये ४,४०० डॉलर एकदम भरावे लागतात, आणि वर दंड लागू शकतो.

योग्य क्रम असा:

1. आधी दुसरी पायरी, म्हणजे घरात दोन नोकऱ्या असल्याची. दोन्ही पगार साधारण सारखे असतील तर दोघांनीही आपापल्या फॉर्मवर तिथल्या चौकटीत खूण करायची. मुलांच्या रकमेपेक्षाही ही पायरी वगळल्यानं जास्त पैसे देणं निघतात.
2. मग तिसरी पायरी, फक्त जास्त पगाराच्या नोकरीच्या फॉर्मवर. दुसऱ्याची ती जागा रिकामी.
3. एकत्र उत्पन्न ४ लाखांच्या वर जाणार असेल तर तिसरी पायरी दोघांनीही रिकामी ठेवा.
4. दोन-तीन पगारांनंतर पे-स्लिपवर कापणी बदलली का ते पाहा. एचआरकडे फॉर्म गेला म्हणजे तो लागू झाला असं नाही.

आरएसयूवर कंपनी सहसा सरसकट २२ टक्के कापते. तुमचा वरचा दर त्याहून जास्त असेल तर तूट तिथेही पडते. अशा घरांना मी तिसरी पायरी मुद्दाम रिकामी ठेवायला सांगेन. ते पैसे तुटीची भरपाई करतात.

तपासा: देणं १,००० डॉलरच्या आत असेल, किंवा यंदाच्या कराच्या ९० टक्के वा मागच्या वर्षीच्या कराच्या १०० टक्के रक्कम वेळेत भरली असेल, तर दंड नाही. मागच्या वर्षीचं उत्पन्न दीड लाख डॉलरच्या वर असेल तर १०० ऐवजी ११० टक्के धरा.

## टप्पा ७: घरच्या हिशेबात पुढची तीन वर्षं

मूल सतराचं होतं त्याच वर्षी क्रेडिट २,२०० वरून ५०० वर येतं. कॉलेजच्या अर्जांचा खर्च सुरू होतो, नेमका तेव्हाच १,७०० डॉलरचा खड्डा पडतो. २००९ मध्ये जन्मलेल्या मुलाचं शेवटचं पूर्ण क्रेडिट २०२५ चं. त्यामुळे २०२६ च्या डब्ल्यू-४ मधून त्याची रक्कम जानेवारीतच कमी करायला हवी होती. केली नसेल तर आज करा.

डेकेअर चालू असेल तर मुलामागे वाढलेल्या २०० डॉलरपेक्षा डिपेंडंट केअर एफएसएवर (नोकरीतून मुलांच्या सांभाळासाठी करपूर्व पैसे बाजूला ठेवायच्या खात्यावर) जास्त लक्ष द्या. तिची मर्यादा २०२६ पासून ५,००० वरून ७,५०० डॉलर झाली आहे. मूल १३ वर्षांखालचं हवं आणि दोघंही नोकरी करणारे किंवा शिकणारे हवेत. ईएडी नसलेला आणि शिकतही नसलेला जोडीदार घरी असेल तर ही सोय नाही. इथे मुलाचा आयटिन चालतो, म्हणून एच-४ वरच्या धाकट्यासाठीही ती वापरता येते. नावनोंदणी सहसा ओपन एनरोलमेंटमध्ये, वर्षाच्या शेवटी होते.

२०२५ ते २०२८ या वर्षांत जन्मलेल्या, एसएसएन असलेल्या नागरिक मुलांसाठी सरकारकडून एकदाच १,००० डॉलर जमा होणारं नवं खातंही याच कायद्यात आहे. ते फॉर्म ४५४७ भरून मागावं लागतं. चाइल्ड टॅक्स क्रेडिटशी त्याचा संबंध नाही. एक मागितलं म्हणून दुसरं मिळत नाही.

## टप्पा ८: रिफंडची तारीख आणि नोटीस

क्रेडिटचा रिफंड होणारा भाग तुमच्या रिटर्नमध्ये असेल तर कायद्यानं आयआरएसला १५ फेब्रुवारीच्या आधी पूर्ण रिफंड सोडता येत नाही, तुम्ही जानेवारीत रिटर्न भरलं तरीही. डब्ल्यू-७ जोडलेलं कागदी रिटर्न त्याहून बराच वेळ घेतं. भारतवारीची तिकिटं किंवा क्रेडिट कार्डाचं बिल त्या पैशांच्या भरवशावर ठेवू नका.

मुलाबद्दल विचारणा करणारं पत्र आलं तर घाबरून सुधारित रिटर्न भरायला धावू नका. पत्रात काय मागितलंय ते वाचा. बहुतेक वेळा नातं आणि राहण्याचा पत्ता यांचा पुरावा हवा असतो, म्हणजे जन्मदाखला आणि शाळेचं किंवा डॉक्टरांचं पत्र. त्या कागदावर तुमचं आणि मुलाचं नाव, तोच पत्ता आणि त्या वर्षातल्या तारखा दिसायला हव्यात. जन्मदाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर सोबत लावा. प्रती पाठवा, मूळ कागद घरी ठेवा, आणि पत्रात दिलेल्या तारखेआधी उत्तर पोचेल असं पाहा. ट्रॅकिंगची पावती मुलाच्याच पाकिटात घाला.